उपडा कप

हरड सर गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली आणि तिच्यात एकजात सगळे खोटं बोलले. कुणी म्हणालं सर शिस्तप्रिय होते. कुणी म्हणालं स्पष्टवक्ते होते. ज्या देसले मॅडमना त्यांनी भर स्टाफरूममध्ये रडवलं होतं, त्या तर पदर सावरत म्हणाल्या की सरांच्या बोलण्यात माया असायची. माया! मी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळलो. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून नाही म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून बोलता आलं नसतं. ते इथे लिहितो.

हरड सर खवचट होते. हेकट होते, तुसडे होते आणि समोरच्याचं वर्म कुठे आहे हे त्यांना पहिल्या पाच वाक्यांत कळायचं. मुरबाडच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत आणि मी मराठी. माझा पहिला दिवस होता. खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी दिसली म्हणून मी बसलो. दारातून एक उंच, काटकुळा माणूस आला. पँट पार छातीपर्यंत ओढलेली, खिशात पेनच्या जागी लॅबमधला चिमटा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय शिकवता तुमी?"

"मराठी."

"मग बसा. तुमाला बसायलाच ठेवलाय."

तेवढ्यावर थांबले नाहीत. खिशातला चिमटा काढला, माझ्या खांद्यावर पडलेला एक केस उचलला आणि खिडकीबाहेर टाकला. मी थँक्यू म्हणावं की चिडावं, हे माझं ठरेपर्यंत ते वर्गावर गेले होते.

तो चिमटा म्हणजे त्यांचं सहावं बोट होतं. लॅबबाहेरच्या कुंड्यांतली सुकलेली पानं ते येता-जाता त्यानं खुडत. कुणाच्या कॉलरवरचा दोरा, कुणाच्या वहीत चिकटलेला मेलेला डास, सगळं त्या चिमट्यात यायचं. मुलं लॅबमध्ये रोपांची छाटणी करताना हिरवं पान तोडायची, तेव्हा ते ओरडायचे, "मेलंय ते उचल. जगतंय त्याच्या वाटंला जाऊ नको!" हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता माझ्याच तोंडात येतं. त्याचाही मला राग आहे.

माणसांना मात्र ते जिवंतपणी खुडत.

आमचं खरं वैर सांगाड्यावरून झालं. आमच्या लॅबमध्ये एक प्लास्टिकचा सांगाडा होता. दर शनिवारी हरड सर त्याला ओल्या फडक्यानं पुसत, अगदी बोटांच्या पेरांमधून. मी त्या वर्षी मुलांची एकांकिका बसवत होतो आणि शेवटच्या प्रवेशात मला मंचावर सांगाडा हवा होता. मी मागायला गेलो.

"तो शिकवायला हाय, नाचवायला नाय."

मी प्राचार्यांकडून परवानगी आणली. हरड सरांनी ती वाचली, घडी घालून परत माझ्या हातात दिली आणि एक अक्षर बोलले नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती. स्पर्धेच्या दिवशी पडदा उघडला, शेवटचा प्रवेश आला, निळा प्रकाश पडला, आणि मंचावर माझा सांगाडा उभा होता बिनमुंडक्याचा. कवटी हरड सर आदल्या संध्याकाळी पिशवीत घालून किन्हवलीला घरी घेऊन गेले होते. परवानगी सांगाड्याची होती, डोक्याची वेगळी घ्यायला हवी होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. प्रेक्षक हसले. आमचा नायक मरत होता आणि प्रेक्षक पोट धरून हसत होते. बक्षीस गेलं ते गेलंच, पण त्या दिवसापासून हरड सरांनी माझं नाव नाटक्या ठेवलं. आधी मागून, मग तोंडावर. "ओ नाटक्या, तास बदलता का?" मुलांसमोरसुद्धा.

स्टाफरूममधला चहा तेच करायचे. दुसऱ्या कुणाच्या हातचा त्यांना चालत नसे. किन्हवलीच्या घराच्या मागच्या बांधावरची गवती चहाची पाती ते रुमालात बांधून आणत, शेगडीवर आधण ठेवत आणि मधल्या सुट्टीत टेबलावर कप मांडत. सगळे कप सुलटे. माझा उपडा. सांगाड्यानंतर सुरू झालेला हा उपडा कप पुढे कधीच सुलटा झाला नाही. वास सगळ्या खोलीत सुटायचा आणि मी माझ्या डब्यातलं थंड ताक पीत बसायचो. माझा कप काढून टाकला असता तर मी समजू शकलो असतो. पण तो रोज धुऊन, पुसून, मुद्दाम टेबलावर उपडा मांडला जायचा.

त्यांच्या लॅबमधला वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती. मी कविता शिकवू लागलो की पलीकडून त्यांचा आवाज यायचा, आणि आवाज कसला, शेतावरची हाळीच. एकदा असाच मी थांबलो. माझी मुलं माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती, म्हणून मीही ऐकलं.

"मेंदूत नुसत्या विचार करणाऱ्या पेशी नसतात रे. राखणीच्यापण असतात. मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. भात तयार झाला की शेतातल्या माळ्यावर राखण्या बसतो का नाय? पत्र्याचा डबा बडवतो, बोंबा मारतो, गावाची झोप उडवतो. तसंच ह्यांचं. बारीक हात पसरून बाकीच्या पेशींना चाचपत बसतात. जिवंत हाय का, बरी हाय का. मेंदूचं रक्त कुठं अडलं, माणसाच्या अंगावरून वारं गेलं, तर मधल्या पेशी मरतात. कडेच्या अर्धमेल्या होतात. मग ह्या राखण्या धावतात. मेलेलं खातात, साफ करतात, आणि अर्धमेल्या असतात त्यांना धरून ठेवतात, जगवतात. आधी लोकांना वाटायचं ह्या नुसती सूज वाढवतात, काढून टाका ह्यांना. उंदरांत काढून बघितल्या. तर नुकसान वाढलं!"

एका मुलीनं विचारलं, "पण सर, राखण्या पिसाळला तर?"

"पिसाळतो ना. डुकरामागं धावताना तोच चार लोंब्या तुडवतो. म्हणून काय राखण बंद करशील?"

"सर, हे परीक्षेला आहे?"

"नाय. म्हणून तर सांगतोय."

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, ते वर्षभर तसंच राहायचं, पुसायची कुणाची हिंमत नसे: तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, की अंगाला काही चोळायचं नाही, कबुतराचं रक्त लावायचं नाही, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या गावाला न्यायचं नाही, गाडी करून थेट मोठ्या दवाखान्यात. आमच्याकडे अजून कबुतर कापतात. गरम रक्त लुळ्या हातापायाला चोळतात आणि वारं लागू नये म्हणून खोलीची दारं लावून घेतात. हरड सरांच्या आईचं असंच केलं होतं. ते तेव्हा नुकते पदवीधर झाले होते आणि घरातल्या मोठ्यांपुढे गप्प उभे राहिले होते. आई पुढे बरीच वर्षं जगली, पण एक शब्द न बोलता. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. मला ते काही सांगत नसत. देसले मॅडमनी सांगितलं. त्यानंतर तो माणूस आयुष्यात कधी गप्प बसला नाही, आणि त्याचा भुर्दंड आम्ही सगळ्यांनी सोसला.

निवृत्ती जवळ आली असताना एका सकाळी ते स्वतःच घराच्या ओट्यावर कलंडले. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, चुलीपाशी होत्या. चुलतभाऊ धावले, कुणी तेल आणलं, कुणी कबुतर आणायला माणूस पाठवला. वहिनी एरवी मोठ्यानं बोलायच्या नाहीत. त्या दिवशी त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हात लावाल तर बघा. त्यांनी मला हज्जारदा ऐकवलाय." गावातली जीप निघाली, कल्याणला वेळेत पोचली. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. सगळं. समोरच्याचं त्यांना कळत होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

मला बातमी कळली तेव्हा काय वाटलं ते खरं सांगतो. वाटलं, आता मधल्या सुट्टीत शांतता. आणि नंतर सुट्टीत त्या शांततेत कोणीतरी पुड्यातल्या पावडरीचा चहा केला, माझा कप सुलटा ठेवला, आणि मला तो चहा पिववला नाही.

ते घरी आल्यावर प्राचार्यांनी सगळ्या स्टाफला भेटायला नेलं. मी गाडीत मागे बसलो. किन्हवलीतलं त्यांचं घर वाटेवरच आहे. पुढे ओटा, बाजूला तुळस, मागे भाताचा बांध. हरड सर ओट्यावर खुर्चीत. गळ्याभोवती टॉवेल, तोंड एका बाजूला उतरलेलं. सगळे गोड बोलू लागले. सर, लवकर बरे व्हा. सर, लॅब तुमची वाट बघतेय. देसले मॅडमनी तर त्यांचा हात हातात घेतला. हरड सरांनी मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिले. वहिनी प्रत्येकाला सांगत होत्या, "बोलत नायत हो. मला एक शब्द नाय बोलले." पूर्वी ते कॉलेजातून परत आले की फाट्यावरूनच हाक मारत, "सुमन, पाणी!" अख्ख्या आळीला कळायचं हरड सर आले. आता आळीला काही कळत नव्हतं.

माझी पाळी आली. माझ्याकडे गोड काही नव्हतं. तुळशीत सुकलेल्या काड्या लोंबत होत्या, त्या बघून मला त्यांचा चिमटा आठवला आणि त्याबरोबर बाकी सगळंच आठवलं. मी म्हणालो, "सर, यंदा नाटकात पुन्हा सांगाडा घेतलाय. कवटीसकट. फेटा बांधलाय तिला."

भिंतीकडची मान गर्रकन फिरली. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. तोंड वाकडं झालं, ओठ थरथरले, गळ्यातून आधी नुसती घरघर, आणि मग घरभर ऐकू जाईल असा शब्द.

"ना... टक्या!"

वहिनींच्या हातातला पाण्याचा तांब्या पडला. प्राचार्य माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी मयताच्या घरात गाणंच म्हटलंय.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. कल्याणची वाचा शिकवणारी बाई म्हणाली होती की रागात निघणारे शब्द वेगळ्या वाटेनं येतात, ती वाट अजून शाबूत आहे, येऊ द्या, अडवू नका. "सर, तुमी या," वहिनी म्हणाल्या. "आमी सगळी त्यांना जपतो, तर गप बसतात. तुमी आलात की चवताळतात. तुमी या नि भांडा."

कुणाला वाटेल मी मनाचा मोठेपणा दाखवून गेलो. अजिबात नाही. इतक्या वर्षांच्या टोमण्यांची परतफेड करायची अधिकृत परवानगी मिळाली होती, ती कोण सोडेल? दर रविवारी मी मुरबाडहून सरळगावला, तिथून जीपनं किन्हवलीला जाऊ लागलो. वहिनी गवती चहा घालून चहा करत. पहिल्यांदाच तो चहा माझ्या वाट्याला आला होता. मी त्यांच्या समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघत, मुद्दाम भुरके मारून प्यायचो. ते दातओठ खात.

मग मला युक्ती सापडली. या माणसाला चुकीचं जीवशास्त्र सहन होत नसे. मी सुरू केलं.

"सर, हृदय उजव्या बाजूला असतं ना?"

घरघर. हात आपटणं. "डा... डा... डावी!"

"आणि बेडूक कातडीनं श्वास घेतो ही थाप ना?"

"खरं! गा... गाढवा!"

एका रविवारी एक शब्द, एखाद्या रविवारी काहीच नाही, मग अचानक दोन. शिव्या भराभर आल्या. बाकीचे शब्द त्यांच्या मागून, लंगडत. चिमटा आता त्यांच्या डाव्या हातात असायचा. खुर्ची तुळशीजवळ सरकवली होती आणि ते सुकलेली काडी पकडायचा प्रयत्न करत. बहुतेक वेळा सुटायची. मी मदत करायला हात पुढे केला की चिमट्यानं माझ्या बोटाला टोचत.

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत. सुरुवातीला त्यांचा चेहरा फुलायचा. मग मला दिसू लागलं की तो मिटतोय. एकदा जीपसाठी निघालो तेव्हा त्या फाट्यापर्यंत सोबत आल्या.

"सर, एक विचारू? ते म्हणायचे, मेंदूत राखण्या असतात. अजून जागत असतील का त्या?"

मराठीच्या मास्तराला काय माहीत. "असतील," मी म्हणालो. "त्यांच्याच आहेत, म्हणजे भांडखोर असणारच."

त्या हसल्या नाहीत. "तुमचं नाव घेतात. प्राचार्यांना पाठीमागं काय काय बोलतात. बेडकाचं बोलतात. मला अजून सुमन नाय म्हणले. मी काय करू, मीपण भांडू? मला जमत नाय हो. आयुष्यात भांडले नाय." आणि रस्त्याकडे बघत, "मला तुमचा राग येतो कधी कधी."

मला हे ऐकून बरं वाटलं. त्या घरात कुणीतरी माझ्यासारखं सरळ बोललं.

पुढच्या रविवारी मी ठरवून सर्वांत वाईट गोष्ट बोललो. चहा यायच्या आधीच म्हणालो, "सर, मी वाचलंय. त्या राखणीच्या पेशी म्हणजे नुसता उपद्रव. सूज करतात. औषध देऊन मारून टाकायला हव्यात."

ते ओरडले नाहीत. डाव्या हातातला चिमटा मांडीवर ठेवला. शब्द शोधताना त्यांच्या कपाळावर घाम आला. "नाय," ते म्हणाले. "राखण... नाय... काढू. काढू नाय. जग... जगवतात." डोळे भरले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. आत चुलीपाशी वहिनी बसल्या होत्या, तिकडे बघत होते. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा मला इतका राग आला की मी लगेच हृदय पुन्हा उजव्या बाजूला नेलं. त्यांनी मला गाढव म्हटलं. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मी शेवटचा गेलो तो रविवार भाताच्या कापणीच्या दिवसांतला. त्यानंतर परीक्षा आल्या, मग माझी मुलगी आजारी पडली, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांना दुसरा झटका आला तो शेवटचाच. त्या रविवारी मात्र ते ओट्यावर होते. बांधापलीकडे कापलेल्या भाताच्या पेंढ्या पसरल्या होत्या, आणि हरड सरांनी चिमट्यात तुळशीची एक सुकी काडी पकडली होती, पहिल्यांदाच पक्की. ती त्यांनी मला दाखवली नाही. बाजूला टाकली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जा, काय करायचंय ते कर.

मी बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या, कप माझ्या हातात दिला. गवती चहाचा वास आला. मी नेहमीप्रमाणे कप तोंडाजवळ नेला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि एक लांब भुरका मारायला श्वास घेतला.

"सुमन."

मी भुरका मारला नाही.

"सुमन, नाटक्याला... चहा... नको देऊ."

वहिनी दारात वळत होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. पदराचा बोळा तोंडाशी नेला. मग हळूच, जणू मोठ्यानं बोललं तर उडून जाईल, विचारलं, "कुणाला सांगताय?"

हरड सरांना बावळट प्रश्न कधीच आवडत नसत. डावा हात दांडीवर आपटला.

"तुला! सुमन! तुला!"

वहिनी माझ्याकडे आल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी माझ्या हातातला भरलेला कप काढून घेतला, तुळशीच्या मुळाशी ओतला आणि रिकामा कप ओट्यावर, माझ्या समोर, उपडा ठेवला.

मी तसाच उठलो. फाट्यावर जीपची वाट बघत उभा होतो, तिथे टपरीवर चहा मिळत होता. प्यावासा वाटला नाही. मागून, त्या घरातून, सर वहिनींना पुन्हा पुन्हा हाका मारत असल्याचं ऐकू येत होतं. कामाचं काही नव्हतं. नुसत्या हाका.